वाचकांचे प्रश्न : जड कामात लॅपटॉपची बॅटरी किती टिकते, हे स्क्रिप्टने मोजताना

या महिन्याच्या टपालात लॅपटॉपच्या बॅटरीविषयीची पत्रे सर्वाधिक होती. व्हिडिओचे संपादन, कोड कंपाइल करणे (लिहिलेल्या प्रोग्रॅमचे संगणकाला चालवता येईल अशा रूपात भाषांतर करणे), त्रिमितीय चित्रे रेंडर करणे अशा जड कामात बॅटरी किती वेळ साथ देते, हे स्वतः स्क्रिप्ट (संगणकाने आपोआप पाळायच्या आज्ञांची फाइल) लिहून खात्रीने कसे मोजावे, असा त्यांतील बहुतेकांचा रोख होता. म्हणून हे सदर या वेळी त्या एकाच विषयाला दिले आहे. आज्ञांची आणि फाइलींची नावे इथे देवनागरीत छापली असली, तरी संगणकावर ती रोमन लिपीतच टाइप करावी लागतील.

प्रश्न : मी नाशिकला लग्नसमारंभांचे चित्रीकरण आणि संपादन करतो. सकाळच्या विधींची छोटी फीत तयार करून ती संध्याकाळच्या स्वागत-समारंभात दाखवावी लागते, आणि मंगल कार्यालयात प्लगपाशी जागा मिळेलच याची खात्री नसते. वर्षभरापूर्वी घेतलेल्या लॅपटॉपच्या खोक्यावर बॅटरी दहा तास चालेल असे छापले होते. साध्या कामात ती सहा-सात तास चालतेही. मात्र फीत एक्स्पोर्टला (संपादन झाल्यावर अंतिम फाइल तयार करायला) लावली की तासाभरात संपते. दुकानदार म्हणतात की बॅटरी ठीक आहे. स्क्रिप्ट लावून बॅटरी खराब आहे की नाही हे कळेल का?

उत्तर : कळेल, पण त्याआधी एक साधा भागाकार करून पाहावा. आपल्या बॅटरीवर किंवा लॅपटॉपच्या तपशिलात वॉट-तासांचा, म्हणजे तिच्यात मावणाऱ्या ऊर्जेचा, आकडा दिलेला असतो. तो ५६ आहे असे धरू. ५६ वॉट-तास दहा तास पुरवायचे असतील, तर संपूर्ण लॅपटॉपने, म्हणजे पडदा, मेमरी, डिस्क, वायफाय आणि प्रोसेसर या सर्वांनी मिळून, सरासरी केवळ ५.६ वॉट खाल्ले पाहिजेत. पडद्याचा प्रकाश मध्यम ठेवून डिस्कवरची एखादी चित्रफीत नुसती पाहत राहिल्यास हे शक्य आहे, आणि जाहिरातींतील बहुतेक आकडे अशाच हलक्या वापराचे असतात. एक्स्पोर्ट करताना मात्र प्रोसेसर, ग्राफिक्स चिप, मेमरी आणि पंखे एकदम कामाला लागतात. तेव्हा लॅपटॉपने ४५ वॉट खाणे मुळीच असाधारण नाही. ५६ भागिले ४५ म्हणजे सव्वा तास. तेव्हा दहा तास आणि तासभर हे दोन्ही आकडे एकाच निरोगी बॅटरीचे असू शकतात, आणि केवळ तासाभरात संपते म्हणून ती खराब आहे असे म्हणता येणार नाही.

आता बॅटरीचे वय पाहू. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी' ही आज्ञा 'बॅटरीरिपोर्ट' या पर्यायासह दिली, की त्याच फोल्डरमध्ये एक वेबपान तयार होते. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे कारखान्यातून निघतानाची क्षमता आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आज पूर्ण भरल्यावर मावणारी ऊर्जा, असे दोन आकडे मिलिवॉट-तासांत दिलेले असतात. पहिला ५६,००० आणि दुसरा ४७,००० असेल, तर बॅटरीत ८४ टक्के दम शिल्लक आहे. हा दुसरा आकडा मात्र बॅटरीतल्या मापक चिपचा अंदाज असतो, आणि तो हलक्या वापरावरून बांधलेला असल्यास जड कामात खरा ठरेलच असे नाही. स्क्रिप्टची गरज नेमकी इथे लागते.

अशा स्क्रिप्टचे दोन भाग असतात आणि ते एकमेकांपासून अगदी वेगळे ठेवावेत. पहिला भाग काम करवून घेतो. दुसरा केवळ नोंद ठेवतो. काम म्हणून आपले स्वतःचे काम घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या नेहमीच्या कॅमेऱ्यातून काढलेला तीन-चार मिनिटांचा एक तुकडा निवडावा आणि 'एफएफएमपेग' या मोफत प्रोग्रॅमने, आपण एक्स्पोर्टला वापरता त्याच रिझोल्यूशनला आणि त्याच कोडेकमध्ये (चित्रफीत दाबून साठवण्याच्या पद्धतीत), तो पुन्हा पुन्हा रूपांतरित करत राहावा. आपला संपादनाचा प्रोग्रॅम ग्राफिक्स चिपकडून एन्कोडिंग करून घेत असेल, तर इथेही तोच पर्याय निवडावा. नाहीतर प्रत्यक्ष कामाहून निराळाच भार मोजला जाईल. प्रत्येक फेरी पूर्ण झाली की स्क्रिप्टने वेळ आणि फेरीचा क्रमांक फाइलमध्ये लिहावा, व तयार झालेली फाइल पुसून टाकावी. अन्यथा अर्ध्या वाटेवर डिस्क भरते आणि चाचणी वाया जाते.

नोंद ठेवणाऱ्या भागाने दर ३० सेकंदांनी चार गोष्टी लिहाव्यात: घड्याळातली नेमकी वेळ, बॅटरीत शिल्लक असलेली ऊर्जा, त्या क्षणी बॅटरीतून बाहेर पडणारे वॉट आणि व्होल्टेज. विंडोजवर पॉवरशेल या आज्ञा देण्याच्या प्रोग्रॅममधून 'रूट' खालच्या 'डब्ल्यूएमआय' विभागातला 'बॅटरीस्टेटस' हा वर्ग वाचला, तर शिल्लक ऊर्जा, उतरण्याचा दर आणि व्होल्टेज हे तिन्ही आकडे एकत्र मिळतात. नोंद ३० सेकंदांनी झालीच असेल असे गृहीत धरू नये. प्रोसेसर पूर्ण गुंतलेला असताना नोंदीला उशीर होतो. म्हणून हिशेब करताना दोन नोंदींमधला प्रत्यक्ष वेळ घ्यावा. दर सेकंदाला नोंद ठेवण्याचा मोहही टाळावा, कारण मापक चिप आपला आकडा मुळात काही सेकंदांनीच बदलते आणि वारंवार विचारणा केल्याने खर्च तेवढा वाढतो.

निकाल वाचताना पुढील कसोटी लावावी. प्रत्येक नोंदीतील वॉटना मधल्या वेळेने गुणून बेरीज केली, की बॅटरीने संपूर्ण चाचणीत प्रत्यक्ष किती ऊर्जा दिली ते कळते. अहवाल ४७ वॉट-तास म्हणतो आणि आपली बेरीज ४४ किंवा ४५ येते, तर बॅटरी प्रामाणिक आहे. राहिलेली ऊर्जा लॅपटॉपने सुरक्षितपणे बंद होण्यासाठी राखून ठेवली आहे, आणि दुकानदारांचे म्हणणे बरोबर आहे. बेरीज ३४ वरच थांबत असेल, तर हलक्या कामात चांगली दिसणारी ही बॅटरी भाराखाली कोसळते आहे. अशा वेळी ती नोंदींची फाइल आणि बॅटरीचा अहवाल, दोन्ही छापून सेवा केंद्रात न्यावेत. 'लवकर संपते' या तक्रारीपेक्षा मिनिटामिनिटाच्या नोंदीला उत्तर देणे त्यांना भाग पडते.

प्रश्न : मी सांगलीला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. मी बॅशमध्ये स्क्रिप्ट लिहिली. तिने 'स्ट्रेस-एनजी' हा भार टाकणारा प्रोग्रॅम प्रोसेसरच्या सर्व कोअरवर लावला आणि दर मिनिटाला बॅटरीची टक्केवारी 'ऑक' या मजकूर गाळणाऱ्या प्रोग्रॅममधून फाइलमध्ये उतरवली. तीनदा चाचणी केली, तर ५८, ७१ आणि ६४ मिनिटे असे आकडे आले. दर वेळी शेवटच्या बऱ्याच ओळी फाइलमध्ये नसतात, आणि एकदा तर ११ टक्के दिसत असतानाच लॅपटॉप बंद पडला. दोष स्क्रिप्टमध्ये आहे की बॅटरीत?

उत्तर : थोडा स्क्रिप्टमध्ये, थोडा चाचणीच्या तयारीत आणि कदाचित थोडा बॅटरीतही.

हरवलेल्या ओळींचे कारण सर्वांत सोपे आहे. आपण लिहिलेली ओळ लगेच डिस्कवर जात नाही. पाइपमधून येणारा मजकूर 'ऑक'सारखा प्रोग्रॅम आधी स्वतःजवळ साठवतो आणि काही हजार अक्षरे जमली की एकदम पुढे सोडतो. त्यानंतर लिनक्सचा कर्नलही, म्हणजे त्याचा गाभा, तो मजकूर मेमरीत धरून ठेवतो आणि नेहमीच्या सेटिंगनुसार साधारण अर्ध्या मिनिटाने डिस्कवर पाठवतो. वीज अचानक गेली की हे सर्व नाहीसे होते. प्रत्येक ओळ थेट फाइलच्या शेवटी जोडावी आणि लगेच 'सिंक' ही आज्ञा द्यावी, म्हणजे ती तत्काळ डिस्कवर उतरते. मिनिटाला एकदा 'सिंक' केल्याने बॅटरीवर पडणारा भार नगण्य असतो. चाचणीचा सर्वांत बोलका भाग शेवटच्या पाच मिनिटांत असतो, आणि आपण नेमका तोच तीनही वेळा गमावला आहे.

टक्केवारी ही मोजमापासाठी फार ढोबळ गोष्ट आहे. लिनक्समध्ये 'सिस' खालच्या 'क्लास' आणि त्याखालच्या 'पॉवर-सप्लाय' या फोल्डरमध्ये बॅटरीचे एक फोल्डर असते. त्याचे नाव बहुधा 'बॅट' आणि पुढे शून्य किंवा एक असे असते. त्यातल्या 'एनर्जी-नाऊ' या फाइलमध्ये शिल्लक ऊर्जा मायक्रोवॉट-तासांत आणि 'पॉवर-नाऊ' मध्ये त्या क्षणीची शक्ती मायक्रोवॉटमध्ये मिळते. काही लॅपटॉपांत यांच्याऐवजी 'चार्ज-नाऊ' आणि 'करंट-नाऊ' असतात. तेव्हा आकडे अँपिअरच्या हिशेबात येतात. अशा वेळी विद्युतप्रवाहाला त्याच क्षणीच्या 'व्होल्टेज-नाऊ' ने गुणावे. बॅटरीवर छापलेल्या व्होल्टेजने गुणणारे अनेकजण मी पाहिले आहेत, आणि त्यांचा हिशेब सुरुवातीला कमी व शेवटी जास्त भरतो, कारण लिथियम-आयन सेलचे व्होल्टेज पूर्ण भरलेले असताना साधारण ४.२ असते आणि उतरत उतरत ३ व्होल्टच्या जवळ येते.

आता ५८, ७१ आणि ६४ यांविषयी. तिन्ही वेळा सुरुवात एकाच ठिकाणाहून झाली होती का, हे आधी पाहावे. पूर्ण भरलेली बॅटरी प्लगला लावून ठेवली असता ती चार-पाच टक्के उतरेपर्यंत पुन्हा चार्ज न करणारे लॅपटॉप बरेच आहेत, आणि बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवणारी सोयही आता सर्रास आढळते. म्हणून टक्केवारीवर विसंबू नये. चार्जर काढताना 'एनर्जी-नाऊ' किती होते ते नोंदीच्या पहिल्या ओळीत लिहावे. पडद्याचा प्रकाश स्क्रिप्टनेच एका ठरावीक आकड्यावर आणून ठेवावा आणि आपोआप कमी-जास्त होण्याची सोय बंद करावी.

इतके करूनही फरक राहिला, तर ७१ मिनिटांच्या चाचणीकडे मी सर्वांत जास्त संशयाने पाहीन. लॅपटॉप आधीच तापलेला असेल, त्याच्या झरोक्यांपुढे पुस्तक किंवा उशी आली असेल, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. वेग कमी झाला की वॉट कमी होतात आणि बॅटरी जास्त वेळ टिकते! म्हणजे जी चाचणी सर्वांत चांगली वाटते, तिच्यात काम सर्वांत कमी झालेले असू शकते. म्हणून वेळेबरोबर काम मोजलेच पाहिजे. 'स्ट्रेस-एनजी' ला 'मेट्रिक्स' हा पर्याय दिला तर त्याने किती क्रिया केल्या ते तो शेवटी सांगतो. परंतु वीज गेली की तो शेवट येतच नाही, म्हणून त्याला एक-एक मिनिटाच्या तुकड्यांत चालवावे आणि प्रत्येक तुकड्याचा आकडा नोंदवावा. या क्रिया म्हणजे काटेकोर मोजमाप नव्हे, असे त्या प्रोग्रॅमच्याच माहितीपत्रकात स्पष्ट म्हटले आहे. आपल्याच लॅपटॉपची एक चाचणी दुसरीशी ताडून पाहायला त्या पुरतात. दोन वेगळ्या लॅपटॉपांची तुलना त्यांवरून करू नये. त्यातही प्रत्येक वेळी भाराची पद्धत एकच ठेवावी, कारण प्रोसेसरचा वापर दोन्हीकडे १०० टक्के दिसत असला, तरी मॅट्रिक्सचे गुणाकार करताना आणि साधे पूर्णांक मोजताना लागणारे वॉट सारखे नसतात.

राहिला प्रश्न ११ टक्क्यांचा. बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतूनच होणारा अडथळा, असतो. चार सेल एकापुढे एक जोडलेली बॅटरी उतरत आली असता १३ व्होल्टच्या आसपास असते. तिच्यातून ४५ वॉट ओढले तर साधारण साडेतीन अँपिअरचा प्रवाह वाहतो. नव्या बॅटरीचा रोध ०.१५ ओहम धरला, तर आतल्या आत अर्धा व्होल्ट गळतो. वापरून जुनी झालेल्या बॅटरीचा रोध दुप्पट झाला असेल, तर एक व्होल्टहून अधिक. मग व्होल्टेज १२ च्या खाली जाते आणि संरक्षक सर्किट बॅटरी तोडून टाकते, जरी सेलमध्ये थोडी ऊर्जा अजून शिल्लक असली तरी. टक्केवारी मोजणारी चिप आत-बाहेर जाणाऱ्या विद्युतभाराचा हिशेब ठेवते. हा अचानक आलेला खड्डा तिला प्रत्येक वेळी आधी दिसतोच असे नाही. तोच लॅपटॉप पुन्हा सुरू करून नुसता ठेवला, तर आणखी काही मिनिटे चालतो, याचे कारणही हेच आहे. आपल्या नोंदीत व्होल्टेज असते, तर शेवटच्या दोन-तीन मिनिटांत ते कड्यावरून घसरावे तसे खाली आलेले दिसले असते. पुढच्या वेळी टक्केवारी बरीच शिल्लक असताना तसे दिसले, तर बॅटरीचा रोध वाढला असण्याची शक्यता बरीच आहे असे समजावे.

घरी इन्व्हर्टर असेल तर हा प्रकार ओळखीचा वाटेल. इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीवर छापलेले १५० अँपिअर-तास हे सामान्यतः २० तासांत सावकाश उतरवण्याच्या हिशेबाने दिलेले असतात. दोन तासांत उतरवली तर ती तेवढे देत नाही. जर्मन शास्त्रज्ञ पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये या घटीचा नियम मांडला. लिथियम-आयनमध्ये ही घट कितीतरी कमी असते. पण बॅटरी जुनी होत जाते तशी तिची झळ लागू लागते.

प्रश्न : विंडोजच्या 'टास्क शेड्युलर'मध्ये मी बॅटरी तपासण्याची स्क्रिप्ट लावली आहे. चार्जर लावलेला असताना ती व्यवस्थित चालते. चार्जर काढला की मुकाट्याने थांबते. कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही. (वाचक, लातूर)

उत्तर : आपली स्क्रिप्ट निर्दोष आहे. टास्क शेड्युलरमध्ये नवीन काम तयार केले, की त्याच्या 'कंडिशन्स' या पानावर दोन खुणा आधीच केलेल्या असतात: संगणक विजेवर असेल तरच काम सुरू करावे, आणि बॅटरीवर गेला तर थांबवावे. दोन्ही खुणा काढाव्यात. त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. बॅटरीवर असताना लॅपटॉप ठरावीक मिनिटांनी झोपी जाणार नाही असे करावे, कारण आपण कळफलकाला हात लावत नसलो की प्रोसेसर कितीही राबत असला तरी झोपेचे घड्याळ पुढे सरकतच राहते. बॅटरी सेव्हर आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. ती सुरू राहिली तर चाचणीचा शेवटचा भाग वेगळ्याच परिस्थितीत मोजला जातो. आणि बॅटरी अगदी कमी झाल्यावर लॅपटॉपने हायबरनेट व्हावे (चालू काम डिस्कवर साठवून बंद व्हावे) हे सेटिंग मात्र तसेच ठेवावे. ॲपलच्या लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी हीच झोप 'कॅफिनेट' या आज्ञेने थोपवावी आणि बॅटरीची स्थिती 'पीएमसेट' ने वाचावी.

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि दर आठवड्याला मुंबईला रेल्वेने जाते. प्रवासात मोठा प्रकल्प बऱ्याचदा कंपाइल करावा लागतो. सहकारी म्हणतात की प्रोसेसर पूर्ण वेगाने चालवून काम लवकर संपवले तर बॅटरी वाचते. मला वाटते की पॉवर सेव्हर लावावे. स्क्रिप्टने याचा निकाल लावता येईल का?

उत्तर : आलेल्या प्रश्नांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण बॅटरी किती तास चालली हा प्रश्न मागे सारून एका चार्जमध्ये किती काम झाले हा प्रश्न तो पुढे आणतो. जड कामाच्या चाचणीत मोजण्यासारखा आकडा हाच आहे.

समजण्यासाठी काही आकडे घेऊ. बॅटरीत ४७ वॉट-तास आहेत. पूर्ण वेगाने लॅपटॉप एकूण ४५ वॉट खातो आणि प्रकल्प एकदा कंपाइल व्हायला पाच मिनिटे लागतात. म्हणजे एका फेरीला ३.७५ वॉट-तास. एका चार्जमध्ये बारा फेऱ्या होतील आणि तासाभरात बॅटरी संपेल. आता प्रोसेसरची मर्यादा खाली आणून एकूण खर्च २५ वॉटवर ठेवला आणि फेरीला सात मिनिटे लागली, तर एका फेरीचा खर्च २.९ वॉट-तास होतो. फेऱ्या सोळा होतात आणि बॅटरी जवळजवळ एक तास बावन्न मिनिटे टिकते. यावरून वाटेल की मर्यादा जितकी खाली तितके चांगले. तसे नाही. एकूण खर्च १५ वॉटवर आणला आणि फेरी चौदा मिनिटांवर गेली, तर बॅटरी तीन तासांहून अधिक चालते. पण एका फेरीला ३.५ वॉट-तास पडतात आणि फेऱ्या तेराच होतात. पडदा, मेमरी आणि वायफाय यांचे सहाएक वॉट काम सुरू असेपर्यंत मोजावेच लागतात. काम रेंगाळले की हा खर्च वाढत जातो. उलट टोकाला, प्रोसेसरचा वेग शेवटच्या पायरीवर नेण्यासाठी व्होल्टेज वाढवावे लागते, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती शेवटची पायरी फार महाग पडते. सहकाऱ्यांचे म्हणणे आणि आपले म्हणणे, दोन्हींत तथ्य आहे, आणि आपल्या लॅपटॉपचा सर्वांत किफायतशीर बिंदू या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे.

तो शोधण्यासाठी संपूर्ण बॅटरी तीन-चार वेळा उतरवण्याची गरज नाही. बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास असताना चार्जर काढावा, प्रकल्प दोनदा कंपाइल करून लॅपटॉप तापू द्यावा आणि मग प्रत्येक पॉवर मोडमध्ये दोन-दोन फेऱ्या कराव्यात. प्रत्येक फेरीआधी मागच्या कंपाइलमधून तयार झालेल्या फाइली पूर्ण पुसाव्यात आणि 'सीकॅश' सारखी आधीचे निकाल पुन्हा वापरणारी साठवण बंद ठेवावी, नाहीतर दुसरी फेरी काही सेकंदांत उरकते आणि सगळा हिशेब फसतो. लॅपटॉप तापवण्यासाठी केलेल्या पहिल्या दोन फेऱ्या मोजणीत धरू नयेत, कारण थंड प्रोसेसर सुरुवातीचा काही काळ आपल्या कायमच्या मर्यादेपेक्षा अधिक वॉट ओढतो. शेवटी प्रत्येक मोडसाठी एका फेरीमागचे वॉट-तास काढावेत आणि सर्वांत लहान आकडा निवडावा.

इथे एक सावधगिरी सांगतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ पासून 'आरएपीएल' नावाचे ऊर्जामापक आहेत आणि अनेक तयार स्क्रिप्ट त्यांवरच चालतात. २०२० मध्ये या आकड्यांवरून गुप्त माहिती चोरता येते असे संशोधकांनी दाखवल्यानंतर लिनक्सने ते केवळ प्रशासकाला वाचता येतील असे केले. म्हणून जुन्या स्क्रिप्ट आता 'परवानगी नाही' म्हणून थांबतात. पण खरी अडचण वेगळी आहे: हे मापक प्रोसेसर आणि त्याच्या निकटच्या भागांचेच वॉट सांगतात, पडदा आणि वायफाय त्यांच्या हिशेबात नसतात. केवळ त्यांच्यावर विसंबले तर सर्वांत मंद मोड आहे त्याहून किफायतशीर भासेल. निर्णयासाठी बॅटरीतून बाहेर पडणारी ऊर्जाच धरावी.

प्रश्न : अशा चाचण्यांनी बॅटरीचे नुकसान होते का? नागपूरच्या उन्हाळ्यात त्या कराव्यात का?

उत्तर : बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा भरणे म्हणजे एक सायकल. लॅपटॉपच्या बॅटऱ्या काहीशे ते हजार सायकलींच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. त्यामुळे वर्षातून एकदा केलेल्या तीन चाचण्यांची चिंता करू नये. दर आठवड्याला करू नयेत, इतकेच. नव्या लॅपटॉपवर पहिल्या महिन्यात एकदा चाचणी करून ती नोंद जपून ठेवावी. दोन वर्षांनी तुलनेला तीच उपयोगी पडते.

उन्हाळ्याविषयी मात्र मी स्पष्ट सांगेन: मे महिन्यात दुपारी, कूलर बंद असलेल्या खोलीत ही चाचणी करू नये. बहुतेक लिथियम-आयन सेलसाठी चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंश सेल्सिअसच्या आणि वापराची ६० अंशांच्या आसपास दिलेली असते. खोलीच ४२ अंशांवर असेल, तर जड भाराने तापलेल्या लॅपटॉपमधली बॅटरी या मर्यादांकडे झपाट्याने सरकते, आणि चाचणी संपताच चार्जर लावला तर चार्जिंग सुरूच न होण्याचा संभव असतो. पहाटेची वेळ निवडावी, लॅपटॉप टेबलावर ठेवावा, खोलीचे तापमान नोंदीच्या पहिल्या ओळीत लिहावे आणि पुढची चाचणी त्याच तापमानाच्या जवळपास करावी. चाचणीनंतर अर्धा तास थांबून लॅपटॉप निवल्यावर चार्जर लावावा. रिकामी बॅटरी दिवसेंदिवस तशीच ठेवू नये. लॅपटॉपचा खालचा भाग फुगलेला दिसत असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर कोणतीही चाचणी न करता तो बंद करावा, चार्जर काढून टाकावा आणि बॅटरी बदलून घ्यावी.